वय, आवड, खिसा आणि तळमजला

सेवानिवृत्तीची रक्कम हाती पडली की पूर्वी काशीयात्रा होई. पुढे चारधाम आले, मग युरोपची पंधरा दिवसांची धावपळ आली. आता त्या जागी क्रूझ आली आहे. बँकेतून, आयुर्विम्यातून, शाळा-महाविद्यालयांतून निवृत्त झालेले, आयुष्यभर संघटनेची वर्गणी भरलेले, एखाद्या संपात पगार कापून घेतलेले असे हे लोक आहेत. त्यांच्यापुढे प्रवासी कंपन्यांची रंगीत माहितीपत्रके तीन प्रश्न ठेवतात : वय काय, आवड कोणती, खर्चाची तयारी किती? एवढ्यांची उत्तरे दिली की आपल्याला साजेशी जहाज-कंपनी निवडता येते, असे सांगितले जाते.

पुरोगामी वर्तुळात या विषयाची वासलात दोन प्रकारे लावली जाते. काही कार्यकर्ते ही शुद्ध चैन आहे म्हणून नाक मुरडतात, तर काहींच्या मते कोणी आपल्या पैशाने कोठे जावे हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या. कामगार चळवळीने चोवीस तासांची वाटणी मागितली, तेव्हा तिने केवळ झोपेपुरती विश्रांती मागितली नव्हती. माणसाला स्वतःसाठी वेळ हवा, हेही मागितले होते. चाळीस वर्षे खडू धरलेल्या हाताने चार दिवस समुद्राकडे पाहत बसावे, यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु तो वेळ आपल्याला मिळावा म्हणून दुसऱ्या कोणाचा वेळ किती घेतला जातो, हा प्रश्न खासगी राहत नाही.

आधी माहितीपत्रकांच्या तीन प्रश्नांना न्याय दिला पाहिजे, कारण ते प्रश्न खोटे नाहीत. वयाचा विचार खरोखरच महत्त्वाचा आहे. रॉयल कॅरिबियनचे ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघाले. सुमारे अडीच लाख टनी आकारमानाच्या या जहाजावर ७,६०० पर्यंत प्रवासी आणि २,३५० कर्मचारी राहू शकतात. याला जहाज म्हणावे की तालुक्याचे गाव? पाण्याच्या घसरगुंड्या, रोषणाई आणि अखंड संगीत यांत नातवंडे हरखून जातील. पण गुडघ्याचे दुखणे असलेल्या आजीला सकाळच्या चहासाठीही अर्धा फर्लांग चालावे लागेल. मुले बरोबर असतील तर डिस्ने, रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल या कंपन्यांची जहाजे सोयीची. ज्यांना शांतता हवी त्यांनी हॉलंड अमेरिका किंवा क्युनार्डकडे पाहावे. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही आणि जुगाराचा अड्डाही नाही. ब्रिटनमधील सागा ही कंपनी तर पन्नाशी उलटलेल्यांसाठीच आहे. ज्यांना समुद्र लागतो, त्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर खोली घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात, आणि ती बहुधा स्वस्तही असते.

आवडीचे म्हणावे तर क्युनार्डवर आजही काही संध्याकाळी कोट-टायचा आग्रह असतो. ज्यांना असल्या थाटापेक्षा किनारा पाहायचा आहे, त्यांच्यासाठी नॉर्वेची हुर्तीग्रुटेन आहे. १८९३ मध्ये टपाल, माल आणि माणसे उत्तरेकडच्या गावांना पोचवण्यासाठी सुरू झालेल्या या बोटी गावोगावी थांबत जातात. आवडीचा निर्णय करताना एक गोष्ट मात्र तपासावी. जहाज बंदराला लागते म्हणजे देश पाहायला मिळतो, असे नाही. कॅरिबियनमधील अनेक थांबे कंपन्यांच्या खासगी बेटांवर आणि खासगी किनाऱ्यांवर असतात. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरील लाबादी ही जागा रॉयल कॅरिबियनने १९८० च्या दशकात भाडेपट्ट्याने घेतली. तेथे उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी वाळू, झोपाळे आणि भाजलेले मांस, सभोवती कुंपण, कुंपणाबाहेर हैती. १२ जानेवारी २०१० रोजी भूकंपाने हैतीची राजधानी जमीनदोस्त झाली, आणि त्यानंतर तीन दिवसांत या किनाऱ्याला पाहुण्यांचे जहाज लागले. कंपनीने त्याच जहाजातून मदतीचे सामानही नेले होते, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. तरीही कुंपणाच्या आत पोहायला उतरलेल्या माणसांनी कोणता देश पाहिला, हा प्रश्न उरतोच.

खर्चाचा प्रश्न जरा फसवा आहे. जाहिरातीतील आकडा हा आतल्या, बिनखिडकीच्या, दोघांनी वाटून घेतलेल्या खोलीतील एका माणसाचा असतो. एकट्याने जाणाऱ्या विधवा-विधुरांना बहुधा जवळजवळ दोघांचे भाडे पडते. एकटेपणावरचा हा कर कोणत्याही सरकारने बसवलेला नाही. मद्य, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहली आणि जहाजावरील डॉक्टर यांचे पैसे वेगळे, म्हणून प्रवासी विम्याशिवाय जाऊ नये. अमेरिकेतील मुलाकडे राहून क्रूझला जाणाऱ्या आईवडिलांनी अनेकदा प्रवेशाची मुभा देणारा व्हिसा आपल्याकडे आहे ना, हे पाहून घ्यावे. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परकीय नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्याच दोन बंदरांदरम्यान प्रवासी वाहतूक करता येत नाही. त्यामुळे ही जहाजे वाटेत परदेशी बंदराला लागतात, आणि परतताना अमेरिकेत पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो.

येथे एक साधा प्रश्न कोणालाही पडावा. जहाज मायामीहून निघते, तिकिटे डॉलरमध्ये विकली जातात, प्रवासी बहुसंख्य अमेरिकन, कंपनीचे कार्यालय फ्लोरिडात. मग जहाज परकीय कसे? येथून तो भाग सुरू होतो, जो माहितीपत्रकांत नसतो.

डझनावारी नावांतून निवड करण्याचे जे स्वातंत्र्य प्रवाशाला दिलेले दिसते, ते बरेचसे पाट्यांचे स्वातंत्र्य आहे. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड, सीबोर्न, पी अँड ओ, कोस्टा आणि आयडा ही सारी नावे एकाच समूहाची आहेत. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी दुसऱ्याची. नॉर्वेजियन, ओशिॲनिया आणि रीजंट तिसऱ्याची. तरुणांसाठी गोंगाटाचे जहाज आणि वृद्धांसाठी शांततेचे जहाज यांचा नफा पुष्कळदा एकाच गल्ल्यात पडतो. पहिल्या समूहाच्या मुख्य कंपनीची नोंदणी १९७० च्या दशकात पनामात झाली, दुसऱ्याची लायबेरियात आहे, तिसऱ्याची बर्म्युडात. जहाजांवर झेंडे बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा यांचे. ब्रिटिश थाटाचा मूर्तिमंत नमुना मानल्या गेलेल्या क्युनार्डनेदेखील २०११ मध्ये आपल्या जहाजांची नोंदणी ब्रिटनमधून बर्म्युडाला नेली. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ १९४८ पासून अशा सोयीच्या झेंड्यांविरुद्ध लढत आला आहे. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा आणि कामगार तिसऱ्याचा अशी ही व्यवस्था आहे. सोय कोणाची, हे सांगायला नको. अमेरिकेचा करकायदा परकीय नोंदणीच्या नौकानयन कंपन्यांना तेथील कंपनीकरातून मोठी सूट देतो आणि कामगार कायदाही दाराबाहेर राहतो. या सोयीची किंमत कंपन्यांना एकदा मोजावी लागली. २०२० च्या साथीत अमेरिकन काँग्रेसने मोठ्या उद्योगांना मदत देताना अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांचीच अट घातली, तेव्हा हे समूह तिच्याबाहेर राहिले. कर न भरलेल्या दारी मदत मागायला जाण्याचा प्रसंग अपूर्वच म्हटला पाहिजे.

भांडवलाला झेंडा बदलता येतो. माणसाला येत नाही. जहाजाच्या पाण्याखालच्या मजल्यांवर, दोघांना एक अशा अरुंद खोल्यांत जी माणसे राहतात ती प्रामुख्याने फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारत या देशांची आहेत. खोल्या आवरणारा, ताटे उचलणारा, चादरी धुणारा हा कामगार सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर येतो. या काळात आठवड्याची सुट्टी नसते. दहा-अकरा तासांचा दिवस नेहमीचा. करार संपला की नोकरी संपली. पुढच्या कराराचे पत्र येईपर्यंत वेतन नाही.

हे बेकायदेशीर आहे काय? नाही, आणि खरी गोम येथेच आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २००६ मध्ये सागरी कामगारांसाठी एक सर्वंकष करार केला. तो २०१३ पासून अमलात आहे आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. तो मोलाचा आहे, यात शंका नाही. त्यापूर्वी परिस्थिती याहून वाईट होती. परंतु त्यातील तासांचे कलम मुळातून वाचावे. देशांना दोन पर्याय आहेत. एक तर कामाचे तास दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ पेक्षा अधिक नसावेत. नाही तर विश्रांती दिवसाला किमान १० आणि आठवड्याला किमान ७७ तास असावी. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा केले की ९१ उरतात. म्हणजे दुसरा पर्याय स्वीकारणाऱ्या देशाच्या झेंड्याखाली सातही दिवस रोज तेरा तास काम करवून घेतले तरी कलम मोडत नाही. याच श्रमसंघटनेचा १९१९ चा पहिलावहिला ठराव आठ तासांच्या दिवसाचा होता आणि भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तळमजल्यावरच्या माणसासाठी तो हिशेब अजून किनाऱ्यालाच उभा आहे.

वेतनाची गोष्टही तशीच. बहुतेक बड्या कंपन्या प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर रोज साधारण १६ ते २० डॉलर ‘बक्षिसी’ म्हणून आपोआप लावतात. नाव बक्षिसी; पण खोली आवरणाऱ्याच्या आणि वाढप्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा तोच असतो. मालकाने द्यायचे वेतन ग्राहकाच्या औदार्यावर सोपवण्याची ही युक्ती आहे. तिचा पुढचा अंक अधिक लाजिरवाणा आहे. अनेक जहाजांवर प्रवाशाला सेवा-कक्षात जाऊन ही रक्कम कमी करून घेता येते, आणि तसे करून शंभर-दोनशे डॉलर कसे वाचवले हे परतल्यावर हौसेने सांगणारे लोक आपल्याकडेही आहेत. बोनस हे लांबणीवर टाकलेले वेतन आहे, असे ज्यांनी एके काळी व्यवस्थापनाला ठणकावून सांगितले, त्यांच्यापैकी कोणी या रांगेत उभा असेल तर ती केवळ काटकसर म्हणता येणार नाही. ही पद्धत अटळही नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये वेगळी बक्षिसी बंद करून ती भाड्यातच धरली. जहाजे काही बुडाली नाहीत.

अपघात झाला तर न्याय कोठे मागायचा, याचे एक उदाहरण भारताच्या किनाऱ्यापर्यंत येते. १९६२ मध्ये ‘फ्रान्स’ या नावाने सेवेत आलेले भव्य जहाज पुढे ‘नॉर्वे’ नावाने मायामीहून सहली करू लागले. २५ मे २००३ रोजी मायामी बंदरातच त्याचा बाष्पक फुटला आणि आठ कर्मचारी मरण पावले. घटना अमेरिकेत घडली. पण मृतांच्या आणि जखमींच्या वतीने लावलेल्या दाव्यांना २००५ मध्ये अमेरिकन न्यायालयाने दार बंद केले. फिलिपिनो कामगारांनी सही केलेल्या करारानुसार तंटा फिलिपिन्समधील लवादापुढे नेण्यास सांगण्यात आले. कंपनीने २००८ मध्ये निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला आणि दहा लाख डॉलर दंड भरला. जहाज तोवर ‘ब्लू लेडी’ असे नाजूक नाव धारण करून, अंगात ॲसबेस्टॉस घेऊन, गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी आलेले होते. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या तोडणीला परवानगी दिली. ज्या जहाजाने फिलिपिनो कामगारांचे प्राण घेतले, त्याचे सांगाडे अखेर भारतीय कामगारांनी कापले.

महाराष्ट्र-गोव्याला ही दुनिया परकी नाही. एकोणिसाव्या शतकापासून पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडियाच्या बोटींवर आचारी आणि वाढपी म्हणून गोव्याचे लोक जात आले, डेकवर रत्नागिरीच्या बाजूचे खलाशी असत. युरोपीय खलाशाच्या मानाने त्यांचे वेतन फारच तोकडे होते आणि त्यांच्यासाठी करारही वेगळे असत. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोव्यातील गावागावांच्या ‘कूड’ नावाच्या क्लबवजा खोल्या उभ्या राहिल्या. दोन बोटींच्या मधल्या काळात तारवटी तेथे ट्रंक ठेवून राहत आणि जहाजाच्या बोलावण्याची वाट पाहत. सासष्टीतील किती घरांची कौले आणि किती मुलांची शिक्षणे या ट्रंकांतून आली, याची गणती नाही. आजही गोव्यातील, वसईतील, मुंबईच्या उपनगरांतील तरुण त्याच वाटेने जातात, कारण येथील हॉटेलात मिळणाऱ्या पगारापेक्षा तेथील मिळकत बरी असते. म्हणून या जहाजांवर बहिष्कार घाला असा सल्ला देणे सोपे असले, तरी त्याची किंमत सल्ला देणारा भरणार नाही, तो तारवटी भरील.

संकट आले की या माणसाची जागा कोणती, हे २०२० मध्ये उघड्या डोळ्यांनी दिसले. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकले, तेव्हा त्यावर ३,७११ माणसे होती आणि त्यांपैकी ७१२ जणांना संसर्ग झाला. प्रवाशांना खोलीत बसण्याचा आदेश होता. कर्मचाऱ्यांना मात्र खोलीखोलीला ताटे पोचवायची होती, एकत्र जेवायचे होते आणि दोघांच्या खोलीतच झोपायचे होते. त्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. पुढे एप्रिलात ‘मरेला डिस्कव्हरी’ मुंबईच्या समुद्रात येऊन उभी राहिली. समोर आपले शहर दिसत असताना त्यावरील भारतीय कर्मचाऱ्यांना उतरण्याच्या परवानगीसाठी कित्येक दिवस थांबावे लागले. निवृत्त तारवट्यांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी गोवा सरकारने २०२१ मध्ये दरमहा २,५०० रुपयांच्या निवृत्तिवेतनाची योजना केली. रक्कम अपुरी आहे. पण आयुष्यभर परकीय झेंड्याखाली राबलेल्या माणसाची जबाबदारी आपल्या राज्याने घ्यावी, हे तत्त्व तरी तिने मान्य केले. महाराष्ट्रानेही त्याकडे पाहण्यास हरकत नाही.

किनाऱ्यावर सध्या उत्साह आहे तो वेगळ्या गोष्टीचा. एके काळी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटत. डेकचे तिकीट काढून गिरणीकामगार शिमग्याला गावी जात, जयगड-मालवणला पडावातून उतरत. ती प्रवासी वाहतूक तोट्याची म्हणून सरकारांनी बंद पडू दिली. त्याच पाण्यावर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ आली, २०१९ मध्ये जलेश कंपनीची ‘कर्णिका’ आली, २०२१ पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ आली. ‘कर्णिका’ दीड वर्षही टिकली नाही. कंपनी बुडाली आणि २०२० च्या अखेरीस जहाज अलंगलाच गेले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत’ मोहीम सुरू केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात वर्षाला दहा लाख प्रवाशांच्या क्षमतेच्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. टर्मिनलला विरोध करण्याचे कारण नाही. पण या मोहिमेच्या सवलती घेणाऱ्या जहाजांनी तासांची ७२ ची मर्यादा पाळावी, बक्षिसी वगळून पूर्ण वेतन करारात लिहावे आणि तंटा भारतीय न्यायालयात चालू द्यावा, एवढ्या अटी सरकारने घालायला हव्यात, आणि त्यासाठी खलाशांच्या संघटनांच्या मागे इतर संघटनांनी उभे राहायला हवे. नोकरीच्या नावाखाली लाख-दोन लाख उकळणाऱ्या दलालांचाही बंदोबस्त व्हावा. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून एक पैसाही घेता येत नाही; पारपत्र, वैद्यकीय दाखला आणि खलाशाचे ओळखपुस्तक यांचाच खर्च त्याने करायचा, व्हिसाचाही नाही. नौवहन महासंचालनालयाचा परवाना नसलेल्या दलालाकडे मुलाला पाठवू नये, ही गोष्ट वसई आणि सासष्टीतील प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहून ठेवण्यासारखी आहे.

मग ज्याला जायचे आहे त्याने कंपनी कशी निवडावी? वय, आवड आणि खिसा पाहून. आणि तिकीट काढण्यापूर्वी प्रवासी कंपनीला आणखी चार गोष्टी विचारून. बक्षिसी भाड्यात धरली आहे की वर लावली जाते? जहाज कोणत्या देशात नोंदलेले आहे? कर्मचाऱ्यांचा संघटनेशी सामुदायिक करार आहे काय? आणि जहाज किती वर्षांचे आहे? दलालाला यांची उत्तरे येणार नाहीत. पहिल्या ग्राहकाला तो हसेल. दहाव्यानंतर तो कंपनीला विचारील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘वर लावली जाते’ असे असेल, तर ती रक्कम प्रवासखर्चाच्या हिशेबात आरंभीच धरावी आणि सेवा-कक्षाच्या त्या रांगेत उभे राहू नये.

सफर संपताना एक अभिप्राय-पत्र भरून मागितले जाते. प्रवासी ते बहुधा टाकून देतात. परंतु पुढचा करार मिळताना त्यातील शब्दांना वजन असते. चांगली सेवा केलेल्याचे नाव त्यात लिहावे, आणि खाली मोकळी जागा असेल तर आठवड्याच्या सुट्टीविषयीही लिहावे. नाव शोधावे लागत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर ते लावलेले असते, आणि त्याच पट्टीवर त्याच्या देशाचेही नाव असते.